घरच्या संगणकासाठी मदरबोर्ड निवडताना : गोव्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

घरी संगणक जोडू पाहणारा नवखा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची महिनाभर चौकशी करतो आणि मदरबोर्ड (संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी) मात्र दुकानदार पुढे सरकवील तो घेऊन मोकळा होतो. यात सगळा दोष त्याचा आहे असेही नाही. एकाच प्रोसेसरसाठी डझनावारी बोर्ड बाजारात असतात, त्यांची नावे एकमेकांसारखी असतात आणि किमती सात-आठ हजारांपासून पन्नास हजारांच्याही पुढे जातात. या फरकातला कोणता पैसा कामाचा आणि कोणता नुसत्या रोषणाईचा, हे खोक्यावरून कळत नाही. पणजी, म्हापसा, मडगाव किंवा फोंडा येथील दुकानात उभे राहून दोन-तीन बोर्डांपैकी एक उचलायची वेळ ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. मदरबोर्डामुळे संगणक वेगवान होत नाही. तोच प्रोसेसर आणि तीच रॅम दोन वेगळ्या बोर्डांवर बसवली, आणि स्वस्त बोर्डावरील वीजव्यवस्था त्या प्रोसेसरला पुरेशी असली, तर रोजच्या कामात फरक जाणवत नाही. बोर्डासाठी मोजलेले जास्तीचे पैसे जातात ते जोडण्यांच्या संख्येत, जड प्रोसेसर तासन्‌तास पेलण्याच्या ताकदीत, पुढील बदलाला ठेवलेल्या वावात, आणि सजावटीत. यांपैकी आपल्याला काय हवे आहे हे ठरले की अर्धी निवड झाली.

आधी कागदावर यादी

म्हणून पहिली पायरी दुकानात नव्हे, घरी पार पाडावी. एका कागदावर लिहावे: संगणकाचे मुख्य काम कोणते, ग्राफिक्स कार्ड आता घ्यायचे आहे की पुढे कधीतरी, एसएसडी (माहिती साठवणारे वेगवान भाग) किती बसवायच्या, जुन्या संगणकातील साटा (जुन्या पद्धतीच्या तारेने जोडायच्या) हार्ड डिस्क वापरायच्या आहेत का, आणि युएसबीला एकाच वेळी किती उपकरणे लागणार. फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची, लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याची आणि घरच्या घरी भजनाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याची यादी एकसारखी असणार नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ऑडिओ इंटरफेस, कीबोर्ड, हार्ड डिस्क असे सगळे युएसबीलाच लागते आणि त्याला मागील बाजूस आठ पोर्टही अपुरे वाटू शकतात.

राउटर कोणत्या खोलीत आहे हेही याच कागदावर लिहावे. आपल्याकडील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती वायफायला दाद देत नाहीत. राउटर ओसरीवर आणि संगणक आतल्या खोलीत असेल, तर वायफाय असलेल्या बोर्डासाठी जास्त पैसे देण्याआधी तेथे लॅनची तार नेता येईल का याचा विचार करावा.

सॉकेट

दुसरी पायरी प्रोसेसरची, कारण बोर्ड प्रोसेसरनुसार ठरतो. उलटे करू नये. एएमडीच्या रायझन ७००० आणि त्यापुढील प्रोसेसरांसाठी एएम५ हे सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची बोर्डावरील बैठक, आहे. ते २०२२ साली आले आणि निदान २०२७पर्यंत त्याला आधार देत राहू, असे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे, तर ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१. या तिन्हींपैकी एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर अजिबात चालत नाही. एएमडीचे जुने एएम४ सॉकेटही अजून मिळते, पण नव्या बांधणीसाठी ते घ्यावे असे मला वाटत नाही. हाताशी डीडीआर४ (डीडीआर५च्या आधीच्या पिढीची) रॅम आणि अगदी मोजका खर्च असेल तरच त्याला अर्थ आहे.

चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून संगणकाचे आयुष्य वाढवायची इच्छा असेल, तर एएम५चे पारडे जड आहे. एलजीए १७०० घेताना त्यावर १४व्या पिढीच्या वरचा प्रोसेसर कधी बसणार नाही, हे गृहीत धरूनच घ्यावे. त्यात वाईट काही नाही. अनेक जण पहिला प्रोसेसर कधी बदलतच नाहीत.

बाजारात आणखी एक प्रकार दिसतो, त्यापासून दूर राहावे. एच६१सारख्या २०११ सालच्या चिपसेटवर (बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिपवर) बनवलेले अनोळखी नावाचे बोर्ड ‘नवे कोरे’ म्हणून स्वस्तात विकले जातात. बोर्ड नवा असला तरी त्यावर बसणारे प्रोसेसर जुनेच असतात, आणि विंडोज ११च्या अधिकृत अटींत ते बसत नाहीत. विंडोज १०चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आहे, हे लक्षात घेता ही बचत कागदावरच राहते.

चिपसेटची अक्षरे

बोर्डाच्या नावातील बी६५०, बी७६०, एक्स८७० ही अक्षरे चिपसेटची आहेत. इंटेलमध्ये एच६१०मधला एच म्हणजे साधा, बी म्हणजे मधला आणि झेड म्हणजे वरचा. प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे तो ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, फक्त झेडवर होते. ज्यांच्या प्रोसेसरच्या नावापुढे के हे अक्षर नाही, त्यांना झेडचा तो गुण मिळतच नाही. एच६१०वर रॅमचे दोनच स्लॉट असतात, रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि एसएसडीसाठी प्रोसेसरला थेट जोडलेला स्लॉट नसतो. कार्यालयीन कामाला हे चालते. व्हिडिओ संपादनासाठी मात्र बी७६०पासूनच सुरुवात करावी.

एएमडीकडे चित्र जरा वेगळे आणि, खरे सांगायचे तर, थोडे फसवे आहे. बी६५०, बी८५० आणि एक्स८७० या तिन्ही नावांखाली चिपसेटची चिप एकाच जातीची आहे. फरक आहे तो बोर्ड बनवणाऱ्याने काय सक्तीने द्यायचे याच्या नियमांत. एक्स८७०वर युएसबी४ (युएसबीची वेगवान आवृत्ती) आणि ग्राफिक्ससाठी पीसीआय एक्सप्रेस (कार्डे व एसएसडी बोर्डाला जोडणारी पद्धत) ५.० सक्तीचे आहे, बी८५०वर एसएसडीचा निदान एक स्लॉट ५.०चा असतो, आणि बी६५०वर या गोष्टी ऐच्छिक आहेत. म्हणजे युएसबी४चे कोणतेही उपकरण घरात नसेल, तर एक्स८७०च्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. बी८४० मात्र नावाने बी८५०च्या शेजारी बसला तरी पुष्कळ खालचा आहे: त्यावर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग होत नाही आणि त्याच्या चिपसेटमधून निघणाऱ्या जोडण्या ३.०च्या वेगाच्या असतात. एका आकड्याच्या फरकाने येथे घोटाळा होतो, म्हणून बिलावरील नाव नीट वाचून घ्यावे.

रॅम

एएम५ आणि एलजीए १८५१ या दोन्हींवर डीडीआर५च चालते. एलजीए १७००वर मात्र काही बोर्ड डीडीआर४चे असतात, काही डीडीआर५चे, आणि दोन्हींचे चिपसेट तेच असल्यामुळे नुसते ‘बी७६०’ म्हणून मागणी केल्यास भलताच बोर्ड हाती पडू शकतो. दोन्ही प्रकारच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत, त्यामुळे जुन्या संगणकातून निघालेली चांगली ३२ जीबी डीडीआर४ घरात असेल, तर डीडीआर४चा बी७६० आज जितका शहाणपणाचा वाटतो तितका तो दोन वर्षांपूर्वी वाटला नसता.

डीडीआर५ घेताना चार पट्ट्यांचा मोह टाळावा. रायझन ७००० प्रोसेसर दोन पट्ट्यांवर अधिकृतपणे ५२०० वेगाने चालतो आणि चार पट्ट्यांवर ३६०० वेगाने. सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या आज घेऊन पुढे आणखी दोन घालू, हा डीडीआर४च्या काळातला विचार येथे महागात पडतो. जितकी लागणार तितकी रॅम दोनच पट्ट्यांत घ्यावी. मग दोन स्लॉटचा स्वस्त बोर्डही गैरसोयीचा ठरत नाही.

वीजव्यवस्था

स्वस्त आणि चांगला बोर्ड यांतील खरी दरी येथे आहे. एसएमपीएसकडून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट. हे रूपांतर सॉकेटच्या कडेला असलेले व्हीआरएम करते, आणि ते करताना तापते. रायझन ५ ७६००सारखा प्रोसेसर फार तर ८८ वॅट घेतो. तो कोणताही नीट बनवलेला बोर्ड पेलतो. इंटेलचा कोअर आय७ १४७०० नावाला ६५ वॅटचा आहे, पण पूर्ण भरात २१९ वॅटपर्यंत जातो. हा प्रोसेसर हीटसिंक (उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा) नसलेल्या एच६१०वर बसवला, तर तो सुरू होईल, चालेलही, पण दहा मिनिटांच्या व्हिडिओ रेंडरिंगनंतर बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी त्याचा वेग खाली आणील. पैसे आय७चे आणि काम आय५चे, अशी ही गत होते. त्यातून आपल्याकडे मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीचेच तापमान ३३-३४ अंश असते. थंड देशांत बसून केलेल्या चाचण्यांचे आकडे वाचताना एवढी भर मनात घालावी.

खोक्यावर ‘१४+२+१ फेज’ असे काही छापलेले असते. त्या बेरजेवरून गुण ठरत नाही, कारण एकेक फेज, म्हणजे व्हीआरएमचा एकेक भाग, किती प्रवाह देते हे त्यात सांगितलेले नसते. त्याऐवजी सॉकेटच्या दोन्ही बाजूंना धातूचे जाडसर हीटसिंक स्क्रूने बसवलेले आहेत का, हे पाहावे आणि त्याच मॉडेलची तापमान मोजून केलेली परीक्षा शोधावी. साठ-पासष्ट वॅटच्या प्रोसेसरसाठी एवढा शोध घेण्याची गरज नाही. जड प्रोसेसरसाठी ती टाळू नये.

पुस्तिका उघडून पाहावी

नवख्यांपैकी फार थोडे जण करतात अशी ही पायरी आहे. प्रत्येक बोर्डाची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीआधीच मोफत मिळते. तीत तपशिलांच्या तक्त्यात एसएसडी आणि साटा यांच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत टिपा असतात, आणि दोन प्रतिस्पर्धी बोर्डांतील फरक बहुधा त्या टिपांतच दडलेला असतो. एम.२चा (एसएसडी बसवायचा) अमुक स्लॉट वापरल्यास साटाचे दोन पोर्ट बंद पडतील, असे काही बोर्डांच्या टिपेत असते. काही एक्स८७० बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट आणि युएसबी४ हे एकाच मार्गिकेवर (माहिती वाहून नेणाऱ्या वाटेवर) असतात. स्लॉट भरला की युएसबी४चा वेग घटतो किंवा ते बंदच होते. ग्राफिक्स कार्डासारखा दिसणारा दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा मार्गिकांचा असतो आणि आत चारच, कधी तर एकच मार्गिका जोडलेली असते.

घरी केलेली यादी येथे समोर ठेवावी. दोन एसएसडी, दोन जुन्या साटा डिस्क आणि एक ग्राफिक्स कार्ड एवढे सगळे एकाच वेळी चालेल का, हे बोट ठेवून तपासावे. ‘चार एम.२ स्लॉट’ असे खोक्यावर ठळक छापलेला बोर्ड या कसोटीत तीन स्लॉटच्या बोर्डापुढे मागे पडलेला मी पाहिला आहे.

आकार थोडक्यात: एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० × १७०. एकच ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्या घरगुती संगणकाला मायक्रो एटीएक्स पुरतो. मिनी आयटीएक्स पहिल्या बांधणीसाठी नको. तो महाग असतो आणि त्यात हात शिरत नाही.

खारे वारे आणि वीज

गोव्यात बोर्डाला दोन शत्रू जास्तीचे आहेत. पहिला खारी, दमट हवा. मिरामार किंवा कळंगुट परिसरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांच्या संगणकात युएसबी आणि लॅनच्या पोर्टांचे पत्रे आधी काळवंडतात आणि मग गंज धरतात. येथे खोक्यावरच्या दाव्यांपेक्षा वापराची सवय महत्त्वाची आहे: न वापरलेल्या पोर्टांना आणि स्लॉटांना टोपणे लावून ठेवावीत, आणि पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, कारण चालू संगणकाची ऊब दमटपणा दूर ठेवते. साखळी-डिचोलीकडे खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना दमटपणाच्या जोडीला तांबडी धूळही आहे. त्यांनी कॅबिनेटच्या पंख्यांवर जाळी आहे ना, हे बोर्डाइतकेच काळजीपूर्वक पाहावे.

दुसरा शत्रू म्हणजे पावसाळ्याआधी आणि परतीच्या पावसात कडाडणारी वीज. नवख्यांना वाटते की ती भिंतीवरील विजेच्या बोर्डातूनच येते, म्हणून ते यूपीएस लावून निर्धास्त होतात. इंटरनेट खांबावरून तांब्याच्या तारेने घरात येत असेल, तर तडाखा त्या तारेतून थेट लॅनच्या पोर्टात शिरतो, आणि लॅनची चिप बोर्डावरच असल्यामुळे कधी ती एकटी जाते, कधी सगळा बोर्ड घेऊन जाते. फायबर जोडणीत बाहेरून येणारी काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी होतो. तांब्याची तार असेल तर तिच्या आणि संगणकाच्या मध्ये स्वस्तातला नेटवर्क स्विच ठेवावा. जायचे असेल तर बहुधा आधी तो जाईल. तरीही गडगडाट सुरू झाला की तार उपटून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे. गंजलेला किंवा विजेने जळालेला बोर्ड सहसा वॉरंटीत घेतला जात नाही.

समोरासमोर दोन बोर्ड

आता प्रत्यक्ष तुलना कशी करावी ते पाहू. समजा, प्रोसेसर रायझन ५ ७६०० ठरला आहे, ग्राफिक्स कार्ड वर्षभराने घ्यायचे आहे, आणि समोर दोन बोर्ड आहेत: एक बी६५०, दोन एम.२ स्लॉट, वायफाय नाही. दुसरा बी८५०, तीन एम.२ स्लॉट, वायफायसह, आणि सुमारे पाच हजारांनी महाग. या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आहे, म्हणून बोर्डाच्या मागे एचडीएमआय हवे. ते दोन्हींवर असते. वीजव्यवस्था दोन्हींची या प्रोसेसरला पुरते. बी८५०वरील ५.०च्या एसएसडीचा वेग घरगुती कामात जाणवत नाही. लॅनची तार खोलीत येत असेल तर बी६५० घ्यावा आणि वाचलेले पैसे मोठ्या एसएसडीत घालावेत. तार येत नसेल तरी हिशेब लगेच उलटत नाही, कारण वायफायचे वेगळे कार्ड पाच हजारांच्या आतच मिळते; मात्र तिसरी एसएसडीही हवी असेल तर बी८५० रास्त ठरतो.

दोन्ही कागदावर सारखे वाटू लागले, तर माझा कौल नेहमी ज्याची सेवा जवळ आहे त्याला. असूस, गिगाबाइट, एमएसआय, अ‍ॅसरॉक यांच्या एकाच वर्गातील बोर्डांच्या गुणांत डोंगराएवढा फरक नसतो, पण बिघडलेला बोर्ड जवळच देता येणे आणि तो दुसऱ्या राज्यात कुरिअरने पाठवून आठवडे मोजणे यांत असतो. त्या कंपनीचा बिघडलेला बोर्ड सध्या कोठे स्वीकारला जातो, दुकानदार तो स्वतः पुढे पाठवतो का, हे पैसे देण्याआधी विचारावे. येथील दुकानांत निवड मर्यादित असते आणि मुंबईहून मागवलेला किंवा ऑनलाइन घेतलेला बोर्ड कधी हजार-दीड हजाराने स्वस्त पडतो. त्या हजारात दारातल्या दुकानदाराची जबाबदारीही आपण सोडून देत असतो, एवढे लक्षात ठेवून मग काय ते ठरवावे.

दुकानात आणि घरी आल्यावर

खोके दुकानातच उघडावे. सॉकेटवरील प्लास्टिकचे झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडावा आणि बोर्ड हळूहळू कलता करावा. एएम५मध्ये १७१८ बारीक पिना असतात. सगळ्या एकाच दिशेने झुकलेल्या असतील तर रांगा सारख्या चमकतात, आणि एखादी वाकलेली असेल तर ती त्या रांगेत लगेच डोळ्यांत भरते. घरी नेल्यावर दिसलेली वाकडी पिन आपणच वाकवली असे मानले जाते. म्हणून सॉकेटचा एक फोटो तेथेच काढावा आणि झाकण परत बसवावे.

बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच असलेल्या मूळ प्रणालीची) आवृत्तीही विचारावी. कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या बी६५०वर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर बसवल्यास बायोस जुने असल्यामुळे संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. दुकानदाराकडून ते अद्ययावत करून घ्यावे, किंवा बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड निवडावा. त्यात प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस चढवता येते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे आढळल्यावर कंपनीने २०२४मध्ये दुरुस्ती दिली, ती बायोसमधूनच येते. असा प्रोसेसर घेणाऱ्याने विंडोज घालण्याआधी हे काम उरकावे.

पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर एएम५ बोर्ड काही मिनिटे काळा पडदा दाखवत बसतो आणि रॅमजवळचा छोटा दिवा पेटलेला राहतो. बोर्ड तेव्हा डीडीआर५ची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबू नये, पंधरा मिनिटे तरी वाट पाहावी. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, हे त्याआधी पाहिलेले असावे. मग बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सोय) सुरू करावे, नाहीतर महागाची रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते.

परत करण्याची मुदत संपण्याआधी मागील प्रत्येक युएसबी पोर्ट, प्रत्येक एम.२ स्लॉट, लॅन आणि आवाजाच्या जोडण्या एकेकदा वापरून पाहाव्यात. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असल्याची खात्री करावी. थर्मल कागदावरचे बिल आपल्या हवेत वर्षभरात पुसट होते आणि वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, तेव्हा त्याचा फोटो त्याच दिवशी काढून स्वतःला ईमेल करावा, आणि खोके व सॉकेटचे झाकण वॉरंटी संपेपर्यंत टाकू नये.